ऐंशी टक्के इथले

सलिनासजवळच्या उतारावर इवो बेटेनकोर्टच्या गुरांना पाणी प्यायला एकच तळं होतं, आणि ते उपसून कोरडं करायचं फर्मान जमीनमालक संस्थेने काढलं होतं. कारण काय, तर तळ्यातले टायगर सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे बेडकांचे भाऊबंद, अस्सल नाहीत! शेपटीचं टोक कापून तपासलं, तर रक्ताने ऐंशी टक्के इथले आणि वीस टक्के टेक्सासचे निघाले.

टेक्सासचे आले कुठून, हे इवोला पक्कं ठाऊक होतं. तरुणपणी मासे धरताना गळाला आमिष लावायला त्यानेच बादलीभर पिल्लं विकत आणली होती आणि उरलेली तळ्यात ओतली होती. इथला सॅलमँडर वयात आला की कल्ले टाकतो आणि जमिनीत राहणाऱ्या खारींच्या बिळात संसार थाटतो. संकरातले काही महाभाग मात्र जन्मभर कल्ले मिरवत पाण्यातच राहतात, तिथेच अंडी घालतात, वर इथल्यांची पिल्लं गिळतात. तळं आटलं की ते मरतात, म्हणून हा उपद्व्याप. म्हातारा हळहळला, पण बादलीबद्दल चकार शब्द काढला नाही.

हरकत घ्यायची मुदत आज पाचपर्यंत होती. मोतीबिंदूमुळे त्याला अक्षर दिसेना, म्हणून नात लिओनोर लॅपटॉप घेऊन बसली.

"लिही. साहेब, ही जनावरं इथेच जन्मली. आईबापातलं एक बाहेरचं निघालं, तर लेकरांचा काय दोष? ऐंशी टक्के म्हणजे काय थोडं झालं? मी तर समुद्रापारच्या फायाल बेटावरून आलो, माझं कुणी टोक कापून बघितलं नाही."

लिओनोरची बोटं थांबली. तिची आई मिचोआकानची, बेटांबाहेरची. बेटांवरून आलेल्यांच्या पवित्र आत्म्याच्या सणाची राणी व्हायचं म्हणून पोरगी सहा वर्षं सोपाशच्या, म्हणजे सणाच्या रश्श्याच्या, हंड्यापाशी राबली होती. गेल्या रविवारी समितीने नकार दिला: राणीची आई आणि बाप दोघंही बेटांवरचेच हवेत. समितीचा अध्यक्ष इवोच होता, आणि नियमही त्याचाच.

"वावो," ती आजोबांना म्हणाली, "छान सांगितलंत. एक प्रत समितीला पाठवू?"

"सॅलमँडरचं वेगळं, सणाचं वेगळं. चहाटळपणा पुरे, लिही पुढे."

"मग तुमच्या समितीतलाच कुणी अस्सल बघा लिहायला." तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला आणि ती आईला हाक मारत बाहेर गेली.

इवो एका बोटाने अक्षरं शोधू लागला. पाच वाजले तेव्हा 'साहेब' एवढंच लिहून झालं होतं.