परतीची तार

सोलापूरच्या बाळीवेशीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सत्यनाथबुवांच्या तांब्याच्या कलशाला हात लावून खोटं बोललं, की म्हणे अंगाला झटका बसे! आज पाळी होती विधवा गुरम्माची. सासूच्या पाटल्या तिनंच चोरल्या, असा तिचा दीर रेवणप्पाचा आरोप होता. झटका बसला तर तिनं नेसत्या लुगड्यानिशी घर सोडायचं ठरलं होतं.

आधी रेवणप्पा घोंगडीवर उभा राहून, कलशाला हात लावून आपला आरोप बोलला. काही झालं नाही. मग बुवांनी घोंगडी उचलली. “संशयिताची जागा शुद्ध हवी!” म्हणत त्यांनी दोन तांबे तीर्थ जमिनीवर ओतलं. “म्या न्हाई चोरल्या,” म्हणत अनवाणी गुरम्मानं कलशाला हात लावला आणि ती किंचाळून मागं पडली.

“चोर हाय, चोर!” गर्दी ओरडली.

गर्दीत तिच्या बहिणीचा मुलगा शिवपुत्रही होता; तो पुण्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकत होता. मावशीसाठी त्याचा जीव तुटला. कलशाच्या बुडातून बुवांच्या चौरंगाखालच्या पेटीत गेलेली तार त्याला दिसली.

“ही तार कसली, बुवा?”

“कैलासाची, बाळा! एकच आहे. तिकडं जाते, परत येत नाही.”

शिवपुत्र वाकला. पुस्तकातल्या चित्रात सेलपासून दोन रेघा निघत. त्या सुबक काढून त्यानं मार्क मिळवले होते. इथं रेघ एकच! “सर्किट पुरं नाही,” तो घाम पुसत म्हणाला. “वीज वाहूच शकत नाही. शास्त्रालाही हे कोडं आहे.”

शास्त्राला कसलं, या पढतमूर्खाला! पण शिकलेल्याचा शब्द पडला आणि लोक गुरम्माला वेशीबाहेर काढायला निघाले.

“थांबा की!” केम स्टेशनच्या तारखात्यातला लाइनमन भिमा पुढं आला. “शिवपुत्रा, केमहून सोलापूरला तार येकाच तारंवर येती. परतीची तार कुटं हाय?”

शिवपुत्र पुन्हा वाकून दुसरी तार शोधू लागला.

“भुई हाय की ती! उन्हाळ्यात भुई वाळली की यंत्र बोलंना, मग आमी घागरभर पानी वततो.”

भिमानं वहाणा काढल्या, ओल्यात उभा राहिला, कलश धरला आणि म्हणाला, “माजं नाव भिमा.” ताडकन झटका बसला. “आता माजं नाव बी खोटं व्हय?”

बुवांना एकदम समाधीची वेळ आठवली. पण लोकांनी पेटी उलथली. आत सेल होते, झटका वाढवणारं तारेचं वेटोळं होतं, आणि दुसरी तार खाली जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला बांधलेली होती. ओल्यात उभा राहील त्याला झटका, घोंगडीवरचा मोकळा. खऱ्याखोट्याचा संबंधच नव्हता.

गुरम्मा उठली. “परतीची तार तुज्या पुस्तकात न्हवती, म्हणून तुजी मावशी चोर ठरली व्हय रे?”

शिवपुत्राला तोंड लपवायला जागा उरली नाही, आणि बरंच झालं. बुवा निदान पोटासाठी खोटं बोलत होता. हा मात्र ‘मला कळत नाही’ म्हणायची लाज वाटली म्हणून चमत्काराला सर्टिफिकेट देऊन मोकळा झाला. लोकहो, न कळलेल्या गोष्टीला न कळलेलीच म्हणा. देव म्हणू नका.