पुण्यवान बोंबील

खारी गावच्या देवळासमोर सकाळपासून रांग होती. यंत्रमहाराजांच्या पेटीतली देवी पाप-पुण्य सांगत होती. पेटीला टाइपरायटरसारख्या पितळी कळा आणि वर काचेवर रंगवलेली देवी. महाराज हातावर तीर्थ देत, भक्त दोन कळांवर दोन बोटं दाबी, आणि तो पुण्यवान असला की काचेमागे दिवा लागून देवीचं तोंड उजळे. आतापर्यंत गावात एकही पापी निघाला नव्हता. गाव ज्यांना चांगलं ओळखून होतं, तेसुद्धा पास झाले होते.

"विलायतेत याला कॉम्प्युटर म्हणतात," महाराज सांगत. "आपल्या ऋषींनी त्याला मंत्राचं कनेक्शन दिलं."

शेवटी रंभाची पाळी आली. अवकाळी पावसात मिठागरातलं मीठ विरघळलं होतं. मुकादम काळूरामच्या मते ते या विधवेच्या नजरेनं. देवी उजळली नाही तर रंभाने गाव सोडायचं, असं ठरलं होतं. पावसाला गाव सोडायला सांगणं कुणाला जमण्यासारखं नव्हतं.

महाराजांनी तिच्या हातांना तीर्थाऐवजी भस्म चोळलं. "बाधेला तीर्थ चालत नाही."

रंभाने कळा दाबल्या. देवी अंधारातच राहिली. पुन्हा दाबल्या.

शेजारी, तिच्याआधी तीर्थ घेऊन पास झालेल्या काळूरामची बोटं वाळत होती आणि त्यांवर पांढरा थर धरत होता. जन्म मिठागरात गेलेल्या बाईला तो ओळखायला चष्मा लागत नाही. तिने तीर्थाच्या भांड्यात बोट बुडवून चाटलं.

"महाराज, हे खारट हाय."

"समुद्राचं पवित्र जल आहे ते."

"मंग मी पन पवित्र होते." तिने हात तीर्थात धुऊन कळा दाबल्या. देवी लख्ख उजळली.

"चेटकीण आहे ही," महाराज म्हणाले.

कालवणासाठी घेतलेले ओले बोंबील रंभाच्या पाटीत होते. तिने एक तीर्थात बुडवून दोन कळांवर आडवा ठेवला. देवी उजळली.

"हा पन चेटकीन हाय?"

शाळेतल्या शिवा मास्तरांनी पेटीचं झाकण उघडलं. आत बॅटऱ्या, एक ट्रान्झिस्टर आणि दिवा निघाला.

"कोरड्या कातडीतून वीज फारशी जात नाही, खाऱ्या पाण्यातून जाते," मास्तर म्हणाले. "कळ दाबली की काय व्हायचं, ते पेटी बनवणारा आधीच ठरवून ठेवतो. बाकीच्या कळा शोभेच्या आहेत. उद्या दुसरा कुणी दुसरी पेटी आणेल. आधी झाकण उघडा, मग हात जोडा."

"मंग मीठ कशानं गेलं?" काळूरामने विचारलं.

"पावसानं," रंभा म्हणाली. "तू पन भिजलास की."

लोक हसले. रंभा हसली नाही. तिला राग आला होता. तिने बोंबील पाटीत टाकला आणि रांगेकडे पाहिलं.

"समद्यांना तीर्थ दिलं, मना भस्म. तुमी समद्यांनी बघितलं. एकानं तरी इचारायचं व्हतं, का म्हनून."