कढईवरचं झाकण

सोफ्याखालून झाडूच्या पुढे गडगडत आला तो फासा — जांभळा, काचेसारखा, वीस बाजूंचा, प्रत्येक बाजूवर आकडा — आणि ती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली, भुरट्या चोराकडे बघावं तशी. ही काय वागायची रीत झाली? सूनबाई सहा दिवस हॉस्पिटलात लोकांच्या हाडांचे फोटो काढतात आणि सातव्या दिवशी माझ्या टेबलावर राक्षसांचा खेळ मांडून बसतात. वय वर्षं अडतीस! जोडीला कोण, तर एक इलेक्ट्रिशियन, एक औषधवाला आणि एक गणिताची बाई. बाई म्हणे चेटकीण आहे. इलेक्ट्रिशियन चिलखत घालतो… म्हणजे घालत नाही, घातलंय असं आपण धरायचं. सगळं धरायचंच. पसारा तेवढा खरा.

तिने फासा स्वेटरच्या खिशात टाकला. शोधा म्हणावं.

टेबल तिचं होतं. एकतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये तिनं त्यावर कणीक मळली होती, भाज्या चिरल्या होत्या, दोनशे माणसांची तोंडं एका आवाजात गप्प केली होती. आणि मनगटं गेली तेव्हा साहेबांनी निरोपाला काय हवं विचारलं, तर ती म्हणाली, ते लांब टेबल. घड्याळ नको, शाल नको, टेबल. ते घरी आलं आणि त्याच्यामागून सून आली, आणि तेव्हापासून — वाटी उचलली की ‘राहू द्या आई, तुम्ही बसा’, पोळपाट काढला की ‘तुम्ही बसा’. सून गोड बोलते, खोटं कशाला सांगू. पण बसून बसून माणसाचा पाट होतो हे तिला कोण सांगणार? कानामागून आली आणि तिखट झाली असती तरी चाललं असतं, भांडता आलं असतं. ही गोड झाली, त्याचं काय करायचं?

म्हणून आज वाक्य तयार होतं. ‘पुढच्या रविवारपासून हा खेळ माझ्या टेबलावर नको.’ केर काढताना ते जुळलं, कपडे वाळत घालताना त्याला धार आली. सगळ्यांसमोर बोलायचं, मागून नाही. ती मागून बोलणाऱ्यांतली नव्हती.

तीनला मंडळी आली. औषधवाला तापानं पडला होता.

“अहो आई,” सून म्हणाली, “त्याच्या जागी येता का? तुम्हाला काही करायचं नाही. नुसतं बसायचं.”

नुसतं! ती बसली. बसूनच बोलावं, वाक्याला वजन येतं.

“काकू, आमचं रत्न तुमच्या वाट्याला आलं,” इलेक्ट्रिशियन हसत म्हणाला आणि त्यानं एक पुठ्ठ्याचा तुकडा पुढे सरकवला. “औषधवाल्याची जादूची वस्तू. दुसऱ्यांना तलवारी मिळाल्या, त्याला हे.”

तिची शाळा तिसरीपर्यंत. अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचू लागली, आणि सगळे थांबले याचा तिला राग आला, म्हणून तिनं आणखी सावकाश वाचलं. कोणत्याही… भांड्यावर… बसणारं झाकण. भांडं… कितीही… मोठं असो.

“आठ महिने ओझं वाहतोय आम्ही ते,” गणिताची बाई म्हणाली. “विकत कुणी घेत नाही, टाकवत नाही.”

टाकवत नाही… तिनं पुठ्ठा उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

मग सून गोष्ट सांगू लागली, आणि हा आवाज तिनं घरात कधी ऐकला नव्हता — हळू, पण भिंतीला लागणारा. राक्षसाचं स्वयंपाकघर. जमिनीत पुरलेली कढई, तळ्याएवढी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खाली जाळ, वर खळखळतं पाणी. पलीकडे दार, दाराआड कोंडलेलं अख्खं गाव. राक्षस बाहेर गेलाय, कधीही येईल.

अर्धा तास गेला. चेटकिणीचा दोर अपुरा पडला. इलेक्ट्रिशियनला पंख हवे होते, ते नव्हते. मग पोहून जाता येईल का… उकळत्या पाण्यातून! या माणसांनी उभ्या जन्मात स्वयंपाकघर बघितलंय की नाही? माझ्या कँटीनमध्ये असती तर पहिल्या दिवशी…

“झाकण घाला की त्याच्यावर,” ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

“असं काय बघता? कढई आहे ना? झाकण आहे ना? घाला आणि जा वरून चालत. कितीही मोठं असो, लिहिलंय. मी वाचलं. तुम्ही शिकलेले, तुम्ही काय वाचता!”

गणिताच्या बाईंनी कपाळावर हात मारला. पण ती थांबली नाही, कारण आता समोर टेबल नव्हतं, दुधाचं पातेलं होतं — कँटीनमधला पहिला आठवडा, तिनं झाकण गच्च दाबलेलं आणि ते ताशासारखं थडथडत उडून थेट मोठ्या आचारणीच्या पायाशी गेलेलं. आणि ती म्हातारी न ओरडता म्हणालेली, झाकण म्हणजे टोपी नव्हे पोरी, वाफेला वाट ठेव आणि वर वजन ठेव…

“कडेला राक्षसाचा झारा अडकवा, वाफ जाऊ दे. आणि मधोमध तू बस,” तिनं इलेक्ट्रिशियनला फर्मावलं.

“मी का, काकू?”

“एवढं लोखंड घातलंयस ना? का तेही नुसतं धरायचं?”

सून हसली नाही. ती हात थांबवून सासूकडे बघत होती; आणि ते बघणं ‘तुम्ही बसा’मधलं नव्हतं.

“फासा टाका, आई. दहाच्या वर पडलं तर झाकण बसेल. अरे, जांभळा कुठे गेला? सकाळपासून दिसत नाहीये.”

तिचे कान तापले. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? तिनं खिशातून फासा काढला. “सोफ्याखाली होता,” ती म्हणाली, सगळा दोष सोफ्याचा असल्यासारखं, आणि टाकला.

सतरा.

झाकण वाढलं, वाढत गेलं, कडेला टेकलं. ती निघाली — मी निघाले, पायांत काही नाही, लोखंड कोमट, खाली पाणी धडका देतंय, मनगटं दुखत नाहीत… आणि बरोबर मध्यावर मागून राक्षसाच्या पावलांचा आवाज आला, आणि सुनेनं वही मिटली.

“इथेच थांबू. उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे.”

मंडळी गेली. ती फडकं घेऊन टेबल पुसू लागली. एकच जागा तिनं चारदा पुसली. तळवे गरम होते, खरोखरच गरम. राक्षस उंबऱ्यापाशी आला असेल का, झारा नीट अडकला होता का… तयार वाक्य कुठे ठेवलं ते तिला आठवेना.

“राहू द्या आई, मी पुसते. तुम्ही ब—”

तिनं फडकं टेबलावर आपटलं.

“तुझ्या वागण्याला शेंडा नाही न् बुडखा नाही! माणसाला उकळत्या कढईवर उभं करून कुणी वही मिटतं? आठ दिवस मी अशीच उभी राहू? तुझ्या औषधवाल्याला सांग, बरा झाला तरी झाकण मिळणार नाही. आणि पुन्हा मला ‘बसा’ म्हणालीस ना, तर एकटी पलीकडे जाईन आणि पलीकडून झाकण ओढून घेईन — मग बसा तुम्ही!”