मेल्चोर सरांचं मैदान

"लोला चोलेंग, काल बजावून गेलो होतो ना? आज मैदानावर भात घालायचा नाही म्हणून!"

"बजावलंस की. म्या ऐकलं बी. घालनार न्हाई असं कुठं म्हनले?"

कॅप्टन रेनांते मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडत होता आणि मी दाताळ्यानं भात पसरत होते. गावचा कारभारी निवडून आला की आमच्याकडे त्याला कॅप्टन म्हणतात, आणि माझ्यासारख्या आजीला लोला. ह्या कॅप्टननं उभ्या जन्मात डासाशीसुद्धा लढाई केलेली नाही. सिमेंटचं मैदान, दोन टोकांना बास्केटबॉलच्या जाळ्या, आणि ह्या जाळीपासून त्या जाळीपर्यंत पिवळाधमक भात. एकट्या माझा नव्हे. उजाडायच्या आत गावातल्या सगळ्या बायांनी आपापली पोती आणून ओतली होती. बोट टेकवायला जागा राहिली नव्हती.

"दुपारी मेयरसाहेब येणार, पाद्री येणार. मैदानाला नाव द्यायचंय."

"कुनाचं?"

"माझ्या आजोबांचं. फाउस्तो आर्सिल्या. जागा त्यांची होती."

"जागा त्येंची. आन् हितं घाम कुनाचा सांडला रं?"

"जुनं उकरून काढू नका, लोला."

"उकरायला ते पुरलंय कुठं? आमच्या मेल्चोर सरांनी ते कवाच पुरू दिलं न्हाई."

सरांचं नाव काढलं तसं त्यानं तोंड फिरवलं. त्याला काय बोलावं? एके काळी तोही त्यांच्याच वर्गात बसायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा तर न जळलेला सुंभ.

मेल्चोर सर आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि शाळा सुटली की पोरापोरींना बास्केटबॉल. गेल्या पावसाच्या सरतीला गेले. त्यांची शवपेटी ह्याच मैदानावर ठेवली होती. गावोगावची माणसं आली, टोप्या काढून उभी राहिली. तेव्हापासून सगळं गाव म्हणत होतं की मैदानाला सरांचं नाव द्यायचं. कॅप्टन 'बघू' म्हणाला. त्याचं बघणं हे असं निघालं.

सर नवेच आले तेव्हा पहिलं भांडण माझ्याशीच झालं. असाच भात वाळत घातलेला, मी काठी घेऊन कोंबड्या हाकत बसलेली. काखेत चेंडू मारून हे आले, मागं पोरांचं लेंढार.

"आते, जरा जागा करता का? खेळायचं होतं." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं मला आते म्हणाले. पण मी काय तेवढ्यानं विरघळते?

"भाताला इचारा. तो सरकला तर खेळा."

"विचारतो," म्हणाले, आणि खाली बसून बूट काढले. पोरांनाही काढायला लावले. आमच्याकडे भातावर बूटचपला घालून कुणी पाय देत नाही. ड्रायव्हरसुद्धा रस्त्यावरच्या भाताला वळसा घालून गाडी नेतो. पायानं भात उलटवायचा तर अनवाणी, पाय न उचलता, ओढत ओढत. सरांनी पोरांना रांगेत उभं केलं. गुडघे वाकवा, हात पसरा, आणि आडवे सरका, पाय उचलायचा नाही! पोरं खेकड्यागत ह्या टोकाची त्या टोकाला सरकली. माझा भात उलटून झाला आणि पोरांच्या मांड्या भरून आल्या. मग सुगीभर तसंच. बाया सावलीत बसून हसायच्या. पुढं बाहेरगावचे संघ म्हणायला लागले, ही भातवाली पोरं समोर आली की माणसाला पुढं सरकूच देत नाहीत. माझी नात लिगाया त्यातलीच.

असंच एकदा सरांनी मला विचारलं, "आते, हे मैदान व्हायच्या आधी इथं काय होतं?"

"जमीनदाराचं कोठार."

"मग?"

मग काय! मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. उपासमारीच्या सालात माझा बाप गोर्गोनियो, शेजारचा हासिंतो आणि पाब्लिंग, तिघांनी बियाण्यापुरता भात झाकून ठेवला. फाउस्तो आर्सिल्याला कळलं. त्यानं तिघांना कोठाराच्या खांबांना उन्हात बांधलं. पाणी देऊ दिलं नाही. मी आईचा हात धरून उभी होते. संध्याकाळी सोडले तेव्हा पाब्लिंग उठलाच नाही. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "आते, हे मी वर्गात सांगू?"

"सांगा की. मला कुनाच्या बापाचं भ्याव हाय?"

"मला जरा आहे," सर हसले, "तरी सांगतो."

सांगितलं. पुस्तकात मनिला होतं, स्पेनचा राजा होता, आमचा उंबरा नव्हता. सरांनी तो घातला. महिना सरायच्या आत आर्सिल्यांनी वरून हुकूम आणवला आणि सरांची बदली डोंगरातल्या शाळेत झाली. जिथं रस्ता दमून बसतो, त्याच्याही पलीकडं. पण दर शनिवारी दोन गाड्या बदलून, धुळीनं माखून हा माणूस चेंडू घेऊन मैदानावर हजर. शाळा काढून घेतली, शनिवार कसा काढून घेणार? हेडमास्तर कधी झाले नाहीत. संघही आमचा पुष्कळदा हरायचा. हरला की सर पोरांना गोल बसवून विचारायचे, "कसे हरलो, सांगा. खरं सांगा." पंचाला शिव्या दिलेल्या चालायच्या नाहीत. आणि ज्या वर्षी शहरातल्या बड्या शाळेला आमच्या पोरांनी धूळ चारली, तेव्हाही गोल बसवलं. "कसे जिंकलो, सांगा. खरं सांगा."

तर नाव द्यायच्या त्या दुपारी मेयर आला, पांढऱ्या पँटीत. पाद्री आला. कॅप्टनची माणसं खुर्च्या घेऊन आली आणि कडेलाच थबकली. बूट घालून भातावर जायचं कुणी?

"भात गोळा करा!" कॅप्टन म्हणाला.

कुणी हललं नाही. ज्यांना सांगत होता त्यांच्याच आयांचा भात होता तो.

"या की," मी म्हटलं, "बूट काढून या. पन अनवानी भातावर आला त्येनं भात उलटवायचा, ही आमची रीत. मेयरसाहेब, तुमी हिकडून सुरू करा, कॅप्टन तिकडून."

बाया फिदीफिदी हसल्या. पाद्री म्हातारा झालेला, शेतकऱ्याच्याच पोटचा. त्यानं चपला काढल्या, झगा वर खोचला आणि लागला की पाय ओढायला!

"फादर, आशीर्वाद द्यायचाय!" कॅप्टन कळवळला.

"तोच देतोय," पाद्री म्हणाला. "वरचा थर वाळलाय, खाली ओल आहे अजून."

मेयरनं भाताकडे पाहिलं, चकचकीत बुटांकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. आपली मतं कुठं वाळत पडलीत हे त्याला बरोबर कळत होतं. "दुसऱ्या गावी जायचंय," म्हणाला आणि गाडीत बसला.

पण भात काय जन्मभर वाळत राहतो? पोती भरून घरी गेली, आणि कॅप्टननं गुपचूप मैदानाच्या कमानीवर पाटी चढवली. फाउस्तो आर्सिल्या क्रीडांगण. वर म्हाताऱ्याचा मिशीवाला फोटो. सरांच्या हाताखाली खेळलेली पोरं, आता बाप झालेली, हातोडे घेऊन आली.

"फोडतो, लोला!"

"फोडा," मी म्हटलं. माझाही हात शिवशिवत होता.

लिगाया मध्ये आली. ती रिक्षांवर नावं रंगवते. हाताला कायम रंग. म्हणाली, "लोला, सरांनी कधी कुनाचं नाव पुसू दिलं का? म्या पुस्तकातला एक जुलमी लाटसाहेब खोडला व्हता, तर मलाच त्येचं नाव पुन्हा लिवायला लावलं. म्हनले, नाव राहू दे, खाली काम लिही."

मी हातोडेवाल्यांना म्हटलं, "जावा घरी. पोरगी खाली काम लिवती."

तिनं फळी रंगवली आणि फाउस्तोच्या नावाखाली टांगली. गोर्गोनियो, हासिंतो, पाब्लिंग या तिघांना यांनी याच जागी उन्हात बांधले. पाब्लिंग मेला. बस्स, एवढंच. शिवी नाही, शाप नाही. तीच अक्षरं, तोच रंग. लांबून पाहिलं तर एकच पाटी वाटावी.

कॅप्टननं ती फळी काढली. लिगायानं दुसरी टांगली. त्यानं तीही काढली. तोवर गावातली म्हातारी माणसं काठ्या टेकत तिच्याकडे यायला लागली. "पोरी, आमची म्हैस नेली व्हती, ते लिव." "माझ्या आईला कोठारात कोंडलं व्हतं, ते बी लिव." कॅप्टन एक फळी काढायचा, दुसऱ्या दिवशी दोन लागायच्या. पाटी खाली खाली वाढत चालली. जत्रेच्या दिवसांत परगावची माणसं कमानीखाली मान वर करून उभी राहायची, मोठ्यानं वाचायची, लेकरांना वाचून दाखवायची. मला वाचता येत नाही धड; मी ऐकत बसायची. बापाचं नाव परक्याच्या तोंडून ऐकलं की पाठीचा कणा ताठ व्हायचा.

शेवटी कॅप्टनची आईच त्याला म्हणाली म्हणतात, "अरे, वरचं काढ! वरचं राहिलं तोवर खालचं वाढतच जाणार."

माणसं बोलावली त्यानं. एकाची कंबर धरली, एकाला ताप आला, एकाची शिडी मोडली. सगळे सरांचे विद्यार्थी. तेव्हा कॅप्टन स्वतःच शिडी घेऊन आला. भर दुपारी, घाम गाळत वर चढला आणि आज्याची पाटी फोटोसकट सोडवायला लागला. गाव जमलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलं नाही. शिडी डुगडुगत होती म्हणून मीच जाऊन धरली.

"आता सरांचं नाव लावाल," वरून तो म्हणाला. आवाज पडला होता.

"त्येला पाटी कशाला? कुठल्याबी रिक्षावाल्याला 'सरांचं मैदान' म्हन, तो हितंच आनून सोडतो."

त्यानं पाटी छातीशी धरून एक पाय खाली सोडला, चाचपडला.

"दमानं उतर, कॅप्टन," मी म्हटलं. "पडलास तर त्ये बी लिवावं लागंल आमाला."