सुदुंबऱ्याची ढाल

रखमाजीचा बेत साधा होता. लेकीला तिसरा महिना लागलेला. तळेगावच्या दवाखान्यात तपासून घ्यायचं, येताना भेळ खायची, झालं. पण डॉक्टर अनघाबाईंनी राजेश्वरीचं आधार कार्ड पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"हिचं वय सतरा आहे. लग्न झालेलं असलं, तरी अठराच्या आतली मुलगी गरोदर असेल तर मला पोलिसांना कळवावंच लागतं. नवऱ्यावर गुन्हा दाखल होतो."

जावई सत्यम कंपनीतून हाफ डे काढून आलेला. गडी बसल्या जागी पांढरा पडला.

"मॅडम, मी वीस वर्षांची हाय हो!" राजेश्वरी रडकुंडीला आली.

"मग जन्माचा दाखला आणा. दुपारपर्यंत थांबते."

रखमाजीनं घरी, सुदुंबऱ्याला, गाडी अशी पिटाळली की विचारू नका. बायकोनं, रतनबाईनं, पेटी उपसली. दोन तासांत दाखला टेबलावर. वय, वीस वर्षं चार महिने.

बाईंनी ग्रामपंचायतीत फोन लावून नोंद पडताळली. मग मान वर केली. "नोंद आहे. पण आधारवर तीन वर्षं कमी कशी? खरं सांगा."

आता आली का पंचाईत! आधारवाल्या पोरावर खापर फोडणं सोपं होतं. पाच वर्षं रखमाजी गावात तेच सांगत आला होता. पण समोर जावई बसलेला, घाम पुसत. त्याच्या तोंडाकडं बघून रखमाजीला स्वतःचीच लाज वाटली.

"मीच कमी केली, बाई. खोटा कागद लावला. चौदाच्या आतल्या पोरींची कबड्डी होती, अन् ही पंधराची. हिच्याबिगर आमची टीम म्हंजे निस्ता पोरखेळ. एक-दोन वर्षं कमी केली तर कुणाला तरी शंका यायची, म्हणून तीन केली."

"धन्य आहात!" बाईंनी कपाळाला हात लावला. "वय वीस लिहिते. पोलिसांना कळवायचं कारण नाही. पण आधार दुरुस्त करा. आणि तिथंही हेच खरं सांगा."

"सांगतो की!" रखमाजीच्या जिवात जीव आला. सुटलो रे देवा! राजेश्वरी ओढणीत तोंड खुपसून रडली, मग हसली. सत्यम मात्र सासऱ्याकडं टक लावून बघत होता.

"मामा, त्या वर्षी फायनल आमच्या लोहगडवाडीशीच होती ना? दोन गुणांनी हरलो आमी. माझी बहीण स्नेहल त्या टीममधे होती, दोन दिवस जेवली न्हवती."

रखमाजी खाली बघू लागला. त्या फायनलला जिंकलेली ढाल त्याच्या दारावर टांगलेली. दर दसऱ्याला पुसायची, येईल त्याला तिची कथा ऐकवायची. कुणी हात लावला तरी हा खेकसायचा.

"बारशाला घेऊन येतो, जावईबापू," तो म्हणाला. "स्नेहलच्या हातात देतो. सगळ्या पाव्हण्यांम्होरं."