तिसऱ्या वळणावरची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. ‘जुनी’ हा शब्द मीच आधी उच्चारून टाकला, म्हणजे तुम्हाला तो माझ्या पाठीमागे कुजबुजायला नको. रंग काळा, उंची बावीस इंच, घंटी मूळची आणि तिचा आवाजही मूळचाच. मागच्या मडगार्डला दोन पोचे आहेत. एक दुधाच्या गाडीनं दिला आणि दुसरा मी एका भिंतीला द्यायला गेले तेव्हा मलाच मिळाला. बाकी माझ्यात खोट काढून दाखवा, असं मी छातीठोकपणे सांगत आले. ती खोट कशी निघाली आणि कुणी काढली, तेच आज सांगणार आहे.

माझी जुळणी नदीकाठच्या एका गावात झाली. आम्ही खोक्यांतून सुट्या येतो आणि दुकानदार आम्हाला माणसात आणतो. आमचा दुकानदार चाकाचे आरे बोटांनी छेडून बघायचा आणि ढिला आरा नुसत्या आवाजावरून ओळखायचा. मी जेमतेम उभी राहिले होते, तोच एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी चौदा वर्षांची, दोन घट्ट वेण्या आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

“हिची शाळा लांब आहे,” गृहस्थ म्हणाले. “रोज उशीर होतो. पळणारी सायकल द्या.”

“पळणारीच देतो,” दुकानदार म्हणाला. त्यानं माझ्या मागच्या चाकाला लहान फ्रीव्हील बसवलं, सोळा दात्यांचं. फ्रीव्हील म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती मागची दातेरी चकती. ती जितकी लहान, तितकी सायकल पायडलच्या एका फेरीत लांब जाते. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि मी पळाले की! कालव्याच्या कडेनं सरळ सपाट रस्ता होता. त्या रस्त्यावर मला कुणी मागे टाकलेलं मला आठवत नाही. शिक्षक, पोस्टमन, पाववाला, सगळ्यांना आम्ही घंटी वाजवत मागे टाकायचो. गावात माझं नाव झालं. “ती काळी बघा, वाऱ्यासारखी जाते,” असं लोक म्हणायचे आणि मी आणखी चमकायचे.

पण सपाट रस्ता संपला की टेकडी लागायची. शाळा टेकडीवर होती, तलावाच्या काठाला. चढाला चार वळणं. पहिलं वळण आम्ही जोमात घ्यायचो, दुसरं दात-ओठ खाऊन, आणि तिसऱ्यावर मुलीचे पाय थांबायचे. ती उतरायची आणि मला ढकलत वर न्यायची. रोज तेच, पावसात आणि उन्हात, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. खरं सांगते, मला तिची थोडी कीवच यायची. मनात म्हणायचे, सायकल एवढी चांगली मिळाली, पण पोरीच्या पायांत जोर नाही.

पुढे मुलगी शिकली आणि मोठ्या शहरात छापखान्यात नोकरीला लागली. मी तिच्या भावाकडे आले. त्यानं मला बाजाराला नेलं, गिरणीला नेलं. मग त्याला मुलगी झाली, ती मोठी झाली आणि तिच्यासाठी सात गिअरची निळी सायकल आली. सात गिअर आणि नखरे सत्तर. त्याच आठवड्यात मला मागच्या खोलीत दोन खिळ्यांना टांगलं. माझ्या हँडलला छत्र्या अडकवल्या आणि कॅरिअरवर रद्दी रचली. मित्रांनो, टांगलेल्या सायकलीची चाकं जमिनीला लागत नाहीत, यापेक्षा मोठं दुःख आमच्या जातीला नाही. पण मी हातपाय गाळले नाहीत. कुणीतरी येईल याची मला खात्री होती.

आणि आलीच! छापखान्यातून निवृत्त होऊन ती मुलगी कायमची घरी परत आली. वेण्या गेल्या होत्या, केस पांढरे झाले होते, तोंडाचा पट्टा मात्र तसाच होता. भावाची मुलगी तिला आत्या म्हणते, म्हणून सगळं घर तिला आत्याच म्हणतं, आणि मीही. तिनं मला खाली काढलं, रॉकेलनं पुसलं, नवे टायर घातले. सायकलीच्या अंगावर मूठभर मांस चढत असतं तर ते तेव्हा चढलं असतं.

असं दोन वर्षं सुखानं चाललं होतं. मग एक दिवस आत्याची मैत्रीण चार दिवसांसाठी गाव बघायला आली.

दोघी छापखान्यात तीस वर्षं एकत्र होत्या. आत्या पुस्तकं बांधायची आणि मैत्रीण प्रुफं तपासायची. कानामात्रेची चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून सगळे तिला तपासणीबाई म्हणायचे. आल्या आल्या तिनं माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

“हीच का ती?”

“हीच,” आत्या म्हणाली, पण जरा हळूच.

भाची वसतिगृहात होती, म्हणून तपासणीबाईंना निळी सायकल मिळाली. बाई एकोणसाठाव्या वर्षी, दोनच महिन्यांपूर्वी सायकल शिकल्या होत्या, आणि त्याही खास इथे येण्यासाठी. रस्ता रिकामा असला तरी घंटी वाजवायच्या. समोर कुणी दिसलं की लांबूनच ओरडायच्या, “बाजूला व्हा, मला थांबता येत नाही!” गिअरना त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सगळं गाव पालथं घातलं. घड्याळाचा मनोरा पाहिला. नदीवरच्या झुलत्या पुलाला एकशेबारा फळ्या आहेत असं आत्यानं तीस वर्षं सांगितलं होतं. बाईंनी सायकल कठड्याला टेकवली आणि फळ्या मोजल्या. एकशेअकरा भरल्या.

“एखादी दुरुस्तीत कमी झाली असेल,” आत्या म्हणाली.

“असेल,” बाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा काही वेगळंच बोलत होता. मग दोघींनी तासभर नाव वल्हवली. बाईंनी एक वल्हं पाण्यात सोडलं आणि ते परत मिळवताना टोपीही सोडली. कालव्याकाठी शर्यत लावली. ती कुणी जिंकली हे मी सांगायला नको.

दुपारी दोघी बाकावर संत्री सोलत बसल्या. मी बाकाला टेकून उभी होते. तेव्हा बाई म्हणाल्या, “उद्या तुझी टेकडी.”

आत्याच्या हातातलं संत्रं थांबलं.

“कितीतरी वेळा ऐकलंय तुझ्याकडून,” बाई पुढे म्हणाल्या. “चौदा वर्षांची पोर, चार वळणं, आणि एकदाही पाय टेकला नाही. तुला कधी बोलले नाही, पण माझे हे गेले ना, तेव्हा दोन्ही पोरी लहान होत्या. सकाळी उठवायचं नाही मला. मग तुझं ते तिसरं वळण आठवायचे. म्हणायचे, ती एवढीशी पोर चढली, तर मला काय धाड भरलीय?”

मला तर धक्काच बसला. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत आत्या तिकडे असल्या थापा मारत होती! आणि हिनं त्या थापेच्या आधारानं दोन मुली वाढवल्या होत्या. आत्यानं माझं हँडल घट्ट धरलं आणि तिचा तळवा घामानं ओला झाला होता. जिनं आपल्यावर इतका विश्वास टाकला, तिच्यासमोर उद्या खोटं पडायचं, याची तिला धास्ती बसली होती. ती मला रबरी मुठीतून कळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकडीला लागलो. पहिल्या वळणालाच बाई उतरल्या आणि निळीला ढकलू लागल्या. “तू हो पुढे, मी बघते,” त्या म्हणाल्या. आत्या पुढे झाली. तिनं दुसरं वळण घेतलं. तिसरं आलं तशी ती उभी राहून पायडल मारू लागली. मीही जीव एकवटला. आज तरी, आज तरी, असं म्हणत होते. तेवढ्यात चेन खटकन निसटली आणि आत्याचा पाय जमिनीला टेकला.

चेन पडली, हे किती छान कारण होतं! आत्यानं ते वापरलं असतं तर कुणी तिला हटकलं नसतं. बाई धापा टाकत येईपर्यंत ती माझ्याजवळ उभी राहिली आणि मग एका दमात बोलली.

“चेनचं काही नाही. मी इथेच उतरायचे. रोज. एकदाही चढले नाही मी ही टेकडी. तुला तीस वर्षं खोटं सांगितलं.”

बाईंनी निळीला स्टँडवर लावलं. मग वाकून पायजम्याची उजवी बाजू गुडघ्यापर्यंत वर केली. तिथे खरचटल्याच्या ताज्या खुणा होत्या, चांगल्या चार-पाच.

“हे बघ. सायकल ढकलत नेताना डावं पायडल उजव्या नडगीला लागतं. सायकल शिकताना महिनाभर मी हेच करत होते. तुझ्या उजव्या नडगीवर असाच जुना व्रण आहे. तीस वर्षं बघतेय मी तो. जी कधी उतरलीच नाही तिला तिथे कसं लागेल?”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“दोन महिन्यांपासून.”

“मग काल ते सगळं का बोललीस?”

“खरंच होतं म्हणून बोलले. पोरी तोवर मोठ्या झाल्या होत्या, तुझ्या थापेनं तिचं काम केलं होतं. पण मला बघायचं होतं, तू आपण होऊन सांगतेस का.” बाईंनी पायजम्याची बाजू परत खाली सोडली. “चेन पडली तेव्हा म्हटलं, आता ही नक्की चेनवर ढकलणार.”

आत्या रडली आणि हसली, दोन्ही एकदम. मला वाटलं, चला, संपलं, सगळं गोड झालं. मित्रांनो, खरं तर माझी वेळ आता आली होती.

चेन नीट बसेना म्हणून आम्ही उतरून थेट दुकानात गेलो. जुना दुकानदार आता नाही. त्याची मुलगी दुकान चालवते, आणि आरे तीही बोटांनीच छेडते. तिनं चेन पाहिली, मागचं चाक हातानं फिरवलं आणि फ्रीव्हीलचे दाते मोजले. मग पुन्हा मोजले.

“सोळा? आत्या, ही घेऊन तुम्ही टेकडीच्या शाळेत जायचात?”

“ढकलत,” आत्या म्हणाली. आता तिला कशाचीच चोरी नव्हती.

“ढकलतच जाणार! हे सपाटीवर पळायचं फ्रीव्हील आहे. दाते जितके कमी, तितकं चढावर पायडल जड. पैलवान बसवला तरी तो तिसऱ्या वळणावर उतरेल. आमच्या बाबांनी पळणारी म्हणून दिली, टेकडी त्यांच्या लक्षातच आली नाही. तुमच्या पायांना काही झालेलं नव्हतं.”

मी स्टँडवर उलटी होते, म्हणून कुणाला माझा चेहरा दिसला नाही ते बरं झालं. ज्या वेगाची मी आयुष्यभर फुशारकी मारली, तोच त्या पोरीला रोज तिसऱ्या वळणावर उतरवत होता. मी तिची कीव करत होते. सेहेचाळीस वर्षं तिनं माझा दोष आपल्या पायांवर घेतला, आणि लाज वाटून त्याची एक थापही रचली. मित्रांनो, मला तिची माफी मागायची होती. घंटीशिवाय मला दुसरा आवाज नाही.

दुकानातल्या मुलीनं बावीस दात्यांचं फ्रीव्हील बसवलं आणि चेनच्या कड्या वाढवल्या. जुनं फ्रीव्हील तपासणीबाईंनी मागून घेतलं. “कागदांवर ठेवायला चांगलं वजन आहे,” त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा निघालो. कालव्याच्या रस्त्यावर एक शाळकरी मुलगी मला मागे टाकून गेली. आयुष्यात पहिल्यांदाच! मी ते गिळलं. मग टेकडी आली. पहिलं वळण, दुसरं वळण. बाई खालून ओरडत होत्या, पण काय ते कळत नव्हतं. तिसऱ्या वळणावर आत्याचा श्वास फुलला, हँडल डावीकडे-उजवीकडे झुलू लागलं, सवयीनं तिचा डावा पाय पायडलवरून सुटायला आला. मी चेन ताणून धरली. पाय परत पायडलवर बसला. एक फेरी, आणखी एक, मग आणखी एक, आणि वळण आमच्या मागे गेलं.

चौथं वळण मला आठवतसुद्धा नाही. एकदम तलाव दिसला. सगळं पाणी उन्हात लखलखत होतं, शाळेचं कौलारू छप्पर होतं आणि खाली एवढंसं गाव, त्यात घड्याळाचा मनोरा. आत्या उतरली नाही. शाळेच्या फाटकासमोर ती गोल गोल फिरत राहिली आणि घंटी वाजवत राहिली.

पाव तासानं बाई निळीला ढकलत वर आल्या.

“पाय टेकला?”

“नाही.”

“साक्षीदार?”

“ही,” आत्या म्हणाली आणि तिनं माझ्या सीटवर थाप मारली.

बाईंनी पिशवीतून लाल पेन्सिल काढली. छापखाना सुटला तरी ती सुटली नव्हती. हवेतच त्यांनी एक शब्द खोडला आणि त्याच्यावर दुसरा लिहिला.

“तुझ्या गोष्टीत एकच दुरुस्ती,” त्या म्हणाल्या. “चौदाव्या वर्षी नाही. साठाव्या. बाकी मजकूर जसाच्या तसा.”

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी सायकल खिळ्याला टांगलेली असेल. तिला खाली काढा. हवा भरा, चेनला दोन थेंब तेल द्या, आणि पाहुणा आला तर तिच्यावर बसवून त्याला आपलं गाव दाखवा. चढावर दम लागला तर खुशाल उतरा आणि ढकला, त्यात कमीपणा नाही. फक्त आपल्या पायांना बोल लावण्याआधी एकदा वाकून आमच्या फ्रीव्हीलचे दाते मोजा. आम्ही कितीही बढाया मारल्या तरी मोजा.