टेबलाखालचा डबा

मित्रांनो, मला ना पडदा, ना की-बोर्ड. भिलाईच्या सुपेला बाजारातल्या एका फॅब्रिकेशनच्या, म्हणजे लोखंडी गेटं-जाळ्या बनवणाऱ्या दुकानात, ऑफिसच्या टेबलाखाली धूळ खात पडलेला मी एक जुना काळा डबा. पण आहे मी कॉम्प्युटरच, बरं का! दिवसभर पंख्याची घरघर करत मी अर्धवट झोपेत असतो. बाहेर लोखंड कापल्याचा आवाज येतो आणि माझ्या डोळ्यांपुढून फाइली तळ्यातल्या माशांसारख्या सावकाश पोहत जातात.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. मालक पंजाबरावांनी मला आणलं तेव्हा हळदीकुंकू लावलं, ते मात्र आठवतं. तेव्हा मला पडदा आणि की-बोर्डही होता, काही वर्षं मी त्यांची पत्रं आणि बिलं लिहिली. मग त्यांनी चकचकीत विंडोजवाला कॉम्प्युटर घेतला. ड्रॉइंग काढणारी संघमित्रा लिनक्स नावाच्या वेगळ्याच प्रणालीवर काम करायची. गिऱ्हाइकांसाठी रंगीत चित्रं करणारी टीना तर आपला मॅकच घेऊन आली. झालं! तिघांची तीन तोंडं. टीनाचा पेनड्राइव्ह पंजाबरावांच्या कॉम्प्युटरला वाचताच येईना.

शेवटी संघमित्राने मला टेबलाखाली बसवलं, तिघांशी वायरने जोडलं आणि तिघांनाही समजेल अशी सांबा नावाची बोली शिकवली. भिलाईत याचं कुणाला नवल? इथली माणसं घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी बोलतात. माझ्या पोटातला सगळ्यांच्या सामाईक फाइलींचा फोल्डर आता तिन्ही पडद्यांवर दिसू लागला.

"हा डबा तं सोन्याचा हाय!" पंजाबराव म्हणाले. मी फुगून गेलो, खोटं कशाला बोलू?

पण कौतुक चार दिवसांचं असतं. फोल्डर आपल्या पडद्यावर दिसतो म्हणजे तो आपल्याच मशीनमध्ये आहे, असं पंजाबरावांना वाटू लागलं, टीनालाही. मला सगळे विसरले. संघमित्राला तेवढं ठाऊक होतं. फाइलींची दुसरी प्रत करायला हवी, असं ती रोज म्हणायची आणि रोज उद्यावर ढकलायची.

त्या फाइलींत एका गेटचं ड्रॉइंग होतं. संघमित्राचे वडील धोंडबा भिलाईच्या पोलाद प्लांटमधले रिटायर वेल्डर. काचबिंदूने त्यांची नजर जात चालली होती. ती जायच्या आत त्यांनी वस्तीतल्या बुद्धविहाराचं गेट कागदावर काढलं. मधे धम्मचक्र, भोवती पिंपळाची पानं. संघमित्रा त्यांना शेजारी बसवून एकेक पान कॉम्प्युटरवर घ्यायची. "अजून वाकव पोरी, वारा लागल्यासारखं," ते म्हणायचे. पुढे तो कागद वाळवीने खाल्ला, आणि धोंडबांना दिसायचंही बंद झालं. गेट आमच्याच दुकानात बनवून बुद्धपौर्णिमेला बसवायचं होतं.

संघमित्रा वडिलांना दवाखान्यात घेऊन गेली होती, त्याच दिवशी पंजाबरावांनी साफसफाई काढली.

"हा डबा कावून ठेवला इथं? नुसती वीज खाऊन राहिला!"

"हाँ काका, फाइलें तो सब मेरे मॅक में ही हैं," टीना म्हणाली.

प्लग निघाला. भंगार गोळा करणाऱ्या बाबुलाल कबाडीने मला हातगाडीवर घातलं. वीज गेली की आम्हाला काही कळत नाही, पुढचं सारं मी नंतर ऐकलं. तरी ते मला स्वप्नासारखं दिसतं. गंजलेल्या कूलरांमध्ये मी उताणा पडलोय आणि वर भलंमोठं निळं आकाश! जन्मभर टेबलाखाली राहिलेला मी, केवढा हरखलो असतो! पण माझ्या पोटात धोंडबांची पानं होती.

तिकडे तिन्ही पडद्यांवरून फोल्डर गायब झाला. संघमित्रा परत आली, टेबलाखाली वाकली आणि तिथेच बसली.

"काका, डबा कुठं हाय?"

"कबाड्याले देल्ला."

"गेट त्याच्यातच होतं, काका! माझ्या बाबाले आता दिसत नाही. ते पानं कोण काढन आता?"

पंजाबरावांचं तोंड उतरलं. त्यांनी तिला स्कूटरवर बसवलं आणि बाजारभर बाबुलालला शोधलं. तो सापडला तेव्हा माझं झाकण निघालं होतं, पंखाही वेगळा झाला होता. डिस्क तेवढी जागेवर होती.

मला पुन्हा जोडलं तेव्हा डिस्क खटखट वाजू लागली. तिघंही माझ्यावर वाकली. अरे बापरे, सगळ्या आयुष्यात मी इतका जीव लावून काम केलं नसेल! एकेक पान माझ्यातून निघून तिन्ही मशीनमध्ये पोचलं. संघमित्राने माझ्या धुळकट पाठीवर हात ठेवला. मला रडू येत असतं, तर मी रडलो असतो.

पौर्णिमेनंतर फोल्डरमध्ये एक फोटो आला. नव्या गेटपाशी धोंडबा उभे आहेत, नजर भलतीकडेच, बोटं मात्र पिंपळाच्या पानावर. "बाबा म्हणत होते, हे पान जरासं कमी वाकलं," संघमित्रा टीनाला सांगत होती, हसत आणि डोळे पुसत.

मित्रांनो, जिवाभावाची वस्तू नेमकी कुठे आहे, ते एकदा वाकून बघा. तिची दुसरी प्रत करा. धोंडबांच्या डोळ्यांची प्रत कुणाला करता आली नाही. ड्रॉइंगची करता येते. तेवढी तरी आजच करा.